उरलंसुरलं आणि बुढीमाय

माझ्या सासूला सगळी वस्ती बुढीमाय म्हणे. सकाळी उठली की ती कालच्या डेचकीत नाक खुपसायची, डोळे मिटून लांब श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची, "चालते." फेसाळलेलं वरण चालायचं, तार सुटलेली भाजीही चालायची. मला मात्र उभ्या जागी मळमळायचं.

पुसदला माझ्या माहेरी शिळं उरलं की आम्ही गाईपुढे ठेवत असू. लग्न होऊन फुलसावंगीकडच्या या खेड्यात आले आणि बुरशी आलेली भाकर फेकायला निघाले, तर हिने हात धरला. "कायले फेकतं? बुरशी वर हाये. आतल्या भाकरीनं काय केलं तुयं?" अंगठ्याच्या नखाने ती हिरवी बुरशी खरवडायची, नख लुगड्याला पुसायची आणि त्याच हाताने माझ्या ताटात भाकर वाढायची. शी! बुढीमाय जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना अंगावर काटा येतो.

उरलेलं वरण, भाजी, कण्या असं सगळं एकत्र करून, त्यात ज्वारीचं पीठ कालवून ती मुटके उकडायची. त्या वासाने घर भरून जाई. नवरा मुकाट गिळायचा. आईपुढे बोलायची त्याची काय टाप!

मला पहिल्यांदा दिवस गेले आणि मग तर कहरच झाला. कुठलंच अन्न नको, फक्त बुंदी हवी. नेमकं तेव्हाच गावातल्या मोठ्या घरी लग्न झालं. पूर्वी अशा लग्नातलं उष्टं-उरलेलं आमच्या वस्तीत वाटायची रीत होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून वस्तीने ती सोडली होती. तरी त्या घरचा गडी टोपलं घेऊन दारात उभा राहिला. वर पिवळीधम्मक बुंदी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी पुढे झाले.

बुढीमायने टोपल्यावर फडकं ओढलं. "घेऊन जाय, भाऊ."

"चांगली हाये न माय, कालचीच."

"असन. पन पंगतीतून उरलेली हाये. आमी घरचं शिळं कायले खातो? हे असं घ्यावं लागू नये म्हनून."

गडी गेला. मी रडले, चिडले. "पोटातल्याचा तरी विचार करा," म्हणाले.

"त्याचाच करून राह्यली."

चुलीपाशी बसून तिने शिळी भाकर चुरली, गूळ घातला, होतं नव्हतं ते तूप टाकलं आणि मलिद्याचा गोळा माझ्या हातावर ठेवला. गुळाखालून तो कुबट वास आलाच. पहिला घास घेतला आणि भडभडून ओकले, तेही तिच्याच मांडीवर.

बुढीमाय जागची हलली नाही. माझी पाठ चोळत म्हणाली, "ओक, पोरी. आपल्या घरचं हाये. खाचं का ओकाचं, आपन ठरवाचं."

लुगड्याचा तेवढा भाग दुमडून ती दुसरा गोळा वळायला लागली. किळस तशीच होती, जराही कमी झाली नव्हती. तो गोळा मी सगळा खाल्ला.