आठ डोकी आणि एकटी नवरी

प्रोसेसर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी आधी उभा राहतो. बसून सांगायची ती गोष्टच नाही. हात लागतात, आवाज लागतात, आणि समोर जेवणाची पंगत बसलेली असेल तर फारच उत्तम. पंगतीला काय लागतं? वाढपी. एक वरण घेऊन पुढे, दुसरा भात घेऊन मागे, तिसरा मीठ. एकेक जण फार चपळ नसला तरी भागतं, पण संख्येने भरपूर हवेत. हा सर्व्हरचा प्रोसेसर. आणि मांडवामागे? तिथे उपड्या मडक्यावर हातभर मांडा, म्हणजे पुरणाची कागदासारखी पातळ पोळी, टाकणारी एकच बाई बसलेली असते. तिच्या मदतीला दहा जणी पाठवल्या तर मांडा फाटतो. ही बाई म्हणजे वर्कस्टेशनचा प्रोसेसर.

हे ज्ञान मला कुठल्या क्लासात मिळालं नाही, भांडणात मिळालं.

लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा आमचा धंदा. अमरावतीत राजापेठेत माझं दुकान, अकोल्यात ताजनापेठेत माझ्या भागीदाराचं. त्याला मी भाईजान म्हणायचो. तो मूळचा साइनबोर्ड रंगवणारा, अक्षराची कड एका श्वासात ओढणारा, आणि ते स्वतःच सगळ्यांना सांगणारा. मला तो महाराज म्हणायचा. त्यात आदर किती होता हे तुम्हीच ठरवा.

कापसाचे वाईट दिवस होते ते. वऱ्हाडात तेव्हा काय चाललं होतं ते देशभर छापून आलं, मी त्यात भर घालत नाही. आमच्या धंद्यापुरतं सांगायचं तर लग्नं थांबली नाहीत, मांडव आटले. पूर्वी एकेका गावात घोडा, बँड, दोन कॅमेरे आणि तीन दिवस पाहुणचार. आता एका मैदानावर एक स्टेज, एक भोंगा आणि चाळीसेक जोडपी. सामूहिक विवाह मेळावा.

आमच्या दोघांच्याही मशीन म्हाताऱ्या झाल्या होत्या. भाईजानने नवं वर्कस्टेशन घेतलं. चारच डोकी, म्हणजे प्रोसेसरचे कोअर, पण एकेक डोकं असं तल्लख की तुम्ही माऊस उचलायच्या आत काम झालेलं. मला मात्र कुणी सांगितलं, की नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याने जुनी मशीन काढली आहे आणि भंगारवाल्याकडे अख्खा सर्व्हर पडून आहे. मी त्याच दिवशी तिथे. आठ डोकी! रावणापेक्षा फक्त दोन कमी! ऑटोत मांडीवर घेऊन वाजतगाजत घरी आणला.

बटण दाबलं आणि पंखे असे घोंघावले की शेजारची म्हातारी दळण घेऊन येईल की काय असं वाटलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "चक्की घेतली का? मंग मसाला कांडप बी चालू करू."

त्याहून मोठी गंमत पुढे होती. सर्व्हरला आवाजच नव्हता. स्पीकरची पिन खुपसायला मागे भोकच नाही. कारखान्याच्या हिशोबाला सनई कशाला लागते? लग्नाचं मिक्सिंग करायचं आणि मंगलाष्टकं मुकी. ही बातमी अकोल्याला कशी पोचली देव जाणे, पण संध्याकाळच्या आत फोन आला.

"क्या महाराज, सुना है गूँगी नवरी घेऊन आले?"

"आठ डोकी हायेत तिले," मी म्हटलं.

"अरे बावा, नवरी आणली का रावण?"

मी फोन ठेवला. बाजारातून साउंड कार्ड आणून आवाजाचं भागवलं. पण आतून चुळबुळ सुरू झालीच. कारण दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं होतं, की या मशीनवर एक साधा शॉट इकडचा तिकडे सरकवायचा तर मध्ये पाणी पिऊन यावं लागतं. आमचं सॉफ्टवेअर जुनं, ते एका वेळी एकाच डोक्याला काम सांगायचं. बाकीची सात डोकी पारावर तंबाखू मळत बसल्यासारखी. आणि जे एक राबत होतं ते स्वभावाने संथ. पडद्यावरची ती हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकते आणि मी खुर्चीवरून उठतो, बसतो, उठतो. मला थांबलेली एसटी सहन होत नाही, तर थांबलेली पट्टी कुठून होणार?

आणि मग अमरावतीच्या मेळाव्याचं काम आलं. आयोजकांनी सांगितलं, प्रत्येक जोडप्याला त्याची वेगळी सीडी द्यायची आणि पाचपरतावनाच्या दिवशी घरात पोचली पाहिजे. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरी माहेरी परतते, सासरची माणसं तिला न्यायला येतात, आणि त्या दुपारी सतरंजी टाकून सगळा गाव लग्नाचा पिच्चर पाहतो. एरवी लग्नं मागेपुढे असतात, म्हणून पाचपरतावनंही मागेपुढे. इथे सगळ्यांचं लग्न एका मुहूर्ताला, म्हणजे चाळीसेक गावांत एकाच दुपारी टीव्ही लागणार!

मी अक्षरशः नाचलो. हीच तर पंगत! एका वेळी आठ पिच्चर आठ डोक्यांना वाढायचे, ते निघाले की पुढचे आठ. भाईजानचा तल्लख घोडा चार-चार करत बसला असता तर पाचपरतावनाच्या ऐवजी बारशाला पोचला असता. मी त्याला कळवून टाकलं, की तुम्ही तसदी घेऊ नका, मी एकटा निभावतो.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात एक मुलगी आली. नांदगाव पेठेतल्या कारखान्यात शिलाईच्या लाइनवर होती, ड्यूटी सुटल्यावर तशीच आलेली. गाव दर्यापूरकडचं, सासर तेल्हाऱ्याकडचं. खुर्ची दिली तर बसली नाही.

"दादा, मेळाव्याची शूटिंग तुमीच करून रायले न?"

"हो."

"मंग माह्या पिच्चरमंदी मीच पाह्यजे. दुसरी नवरी दिसली नाई पाह्यजे."

"अवो बाई, तिथं चाळीस नवऱ्या उभ्या राह्यतीन. थ्या काय मी खिशात घालू?"

"थे तुमी पाहा." तिने ओढणी कमरेला खोचली, जणू हाणामारीच व्हायची होती. "माह्या सासूनं साखरपुड्यातच म्हटलं, फुकटाच्या मांडवातली हाय म्हनून. पाचपरतावनाले तिकडच्या साऱ्या बाया येतीन. टीव्हीवर नवऱ्यायची रांग दिसली, त मले जलमभर रांगेतलीच म्हनतीन."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. नाटकाची सवय वाईट. हात आधी छातीवर जातो, डोकं मागून येतं.

मेळाव्यात आयोजकांनी सगळ्या नवऱ्यांना एकसारखे शालू दिले होते. आधी पाहुण्यांची भाषणं, ऊन डोक्यावर, मुंडावळ्या सुकलेल्या. मग भोंग्यावर एकदाच मंगलाष्टकं, एकदाच 'सावधान', आणि सगळे हार एकाच क्षणी गळ्यात. मी स्वतः कॅमेरा घेऊन त्या मुलीपुढे ठाण मांडलं होतं. पण स्टेजवर जागा ती किती! हार घालण्याच्या त्या मोक्याच्या क्षणी शेजारची नवरी तिच्या खांद्याला खांदा लावून चौकटीत. पूर्ण चेहऱ्यासकट.

बाकीचं काम रखडत का होईना, झालं. सामाईक भाग आधीच कापून ठेवला होता, आणि एकदा आठ-आठ पिच्चर मशीनला लावले की ती मागे पाहत नव्हती. फक्त हा एक शॉट उरला. शेजारणीला एकेका चौकटीतून पुसायचं आणि तिच्या जागी मागचा फुलांचा पडदा भरायचा. शालू एकाच रंगाचे, त्यामुळे हिचा खांदा कुठे संपतो आणि तिचा कुठे सुरू होतो हे मशीनला कळेना. एक रेघ ओढायची, वाट पाहायची. दुसरी ओढायची, वाट पाहायची. तेवढ्यात भारनियमन. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. आठ वाढपी ओळीने उभे, आणि मांडा एकालाही येत नाही! पाचपरतावन उद्यावर आलेलं.

मी अकोल्याला फोन लावला.

"भाईजान."

"कौन?" आवाज ओळखूनही.

"मी."

"मी कोन? आठ डोकेवाले महाराज?"

"एक डोकं उसनं पाह्यजे."

पलीकडून तो म्हणाला, "हार्ड डिस्क लेके आओ. और वो रावणाला घरीच ठेवा."

डिस्क टॉवेलात गुंडाळून मी एसटीत बसलो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तर राहवेना म्हणून खाली उतरलो, आणि सुटलेल्या गाडीमागे टॉवेल छातीशी धरून पळालो. कंडक्टर म्हणाला, "लेकरू हाय का त्याच्यात?" मी म्हटलं, "नवरी हाय." पुढचा प्रवास माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

घरी शेवटच्या सीड्या निघत होत्या, बायको सर्व्हरवर राखण बसली होती. तिला फोन केला. म्हणाली, "चाल्लं साजरं. तुमी नसले का मशीन सुखानं राह्यते."

भाईजान कामाला बसला. तो माऊस धरत नव्हता, कुंचला धरत होता. तो रेघ ओढतो आणि मशीन तिथल्या तिथे दाखवते, मध्ये श्वासाइतकाही वेळ नाही. मी मागे येरझाऱ्या घालत होतो. "ये बाजू से, नाही, जरा खाली," असं दोनदा म्हटलं, तेव्हा त्याने मला चहाच्या टपरीवर हाकललं. परत आलो तर तो हात थांबवून पडद्याकडे पाहत बसलेला.

"ये दूसरी कायको मिटाते?" तो म्हणाला. "देखो तो, कशी हसते. इतनी भीड में ये दोनोंच हसून राह्यल्या."

"शब्द दिला हाय," मी म्हटलं.

त्याने खांदे उडवले आणि कड पुरी केली. खरं सांगतो, शेजारीण जणू जन्मालाच आली नव्हती. फुलांचा पडदा, हार, आणि एकटी नवरी.

सीडी घेऊन मी दुसऱ्या दिवशी अकोल्याहून थेट तिच्या गावाला निघालो. दर्यापुरापर्यंत बस, पुढे जीप, जीपमध्ये मी अर्धा आत, अर्धा बाहेर. पोचलो तर तेल्हाऱ्याच्या बाया सतरंजीवर मांड ठोकून बसलेल्या आणि टीव्ही नुसताच निळा. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी सीडी आत सरकवली आणि देवाला नाही, महावितरणला हात जोडले.

लाइट टिकली. पिच्चर चालला. हळद, वरात, पडदा, हार. रांग कुठेच नाही. एक बाई दुसरीला म्हणाली, "हे मेळाव्यातलं वाटतच नाई व." सासू चष्मा सारखा करून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "साजरी घेतली शूटिंग," आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मला वाटलं, आता पडदा पडावा आणि टाळ्या व्हाव्यात.

मुलगी माझ्यासाठी चहा घेऊन अंगणात आली. चेहरा जिंकल्यासारखा नव्हता.

"दादा, थे दुसरी कुठी गेली?"

"कोनती?"

"माह्या बाजूची."

"पुसली! तूच म्हटलं होतं न? अवो, त्याच्यापायी मी अकोल्यापरेंत गेलो!"

"म्हटलं होतं." ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "भाषनं चालू होते तवा मले घेरी आली. तिनं माहा हात धरून ठेवला, पडू देल्लं नाई. अन् हार घालाच्या वक्ती थे माह्या कानात म्हने, माह्या नवऱ्याचं बाशिंग पाय, पतंगावानी उडून रायलं. म्हनून मी हासली." ती टीव्हीच्या दिशेने पाहत थांबली. "आता पिच्चरमंदी मी एकटीच हासून रायली. येड्यावानी."

मी चहा तसाच खाली ठेवला.

"हा राहू द्या सासरी," ती म्हणाली. "हा पाह्यजेच. पन थे ज्याच्यात हाय, तो पिच्चरबी मले द्या."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. शेजारणीच्या पिच्चरमध्ये कुणालाच पुसलं नव्हतं! तिने काही मागितलंच नव्हतं. तिची सीडी माझ्या आठ डोक्यांनी पंगतीत वाढली होती, जशीच्या तशी, दोघींच्या हसण्यासकट. मी तिथूनच बायकोला फोन लावला आणि त्या जोडप्याचं नाव सांगून विचारलं. ती म्हणाली, "हो, तिचा भाऊ सकाळीच घेऊन गेला. अचलपूरकडचे. सीडी नाई चालली त सांगजा म्हनून नंबर देऊन गेला."

नंबर लावला. पलीकडेही टीव्हीचाच आवाज, तोच भोंगा, तेच 'सावधान', मागेपुढे दोन कडव्यांचं अंतर. भावाने बहिणीला हाक मारली. मी मोबाइल मुलीच्या हातात दिला. ती तो घेऊन घरामागे गेली, आणि एवढंच ऐकू आलं, "अवो, मी! घेरीवाली!" आणि मग दोन्ही बाजूंचं हसणं.

आतून सासूने विचारलं, "का व, कोनाशी बोलून रायली?"

ती तिथूनच ओरडली, "माह्या लग्नातली हाय!"

माझ्या मोबाइलचा बॅलन्स संपेपर्यंत ती परत आली नाही. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो.