कुणीतरी धार काढतंय

पूर्णिमाची पहाट म्हशींची असते आणि दिवस वेबसाइटचा. मध्ये ती हात धुते, एवढंच.

गंगावेशीजवळ त्यांचा गोठा आहे. तिचे वडील गणपतराव. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. रोज ते म्हशी घेऊन दूध विकायच्या कट्ट्यावर जातात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आबा त्याच्या पेल्यात थेट धार काढतात. फेसानं पेला भरलेला दिसतो, तेव्हा ते थांबतात. फेस बसला की वरून आणखी एक धार घालतात.

घाईचं गिऱ्हाईक म्हणतं, "राहू दे की आबा, भरला."

"थांब की! फेस पिऊन जातोस व्हय?"

पूर्णिमा याच घरातली. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी मराठी घेऊन एम. ए. केलं. ती बी. कॉम. झाली आणि कुणाकडे नोकरी न धरता दुकानदारांना वेबसाइट करून द्यायला लागली. शिकली आपली आपण. सुरुवातीला तिच्याकडे कुणीतरी चोरून घालून दिलेलं महागडं सॉफ्टवेअर होतं. एक दिवस त्यानं सगळी कामं गिळली आणि लॅपटॉपही झोपवला. त्या दिवसापासून तिनं चोरीचं काही घेतलं नाही. जगभरातल्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली सॉफ्टवेअर ती वापरते. फोटो गिंपमध्ये, दुकानांची चिन्हं इंकस्केपमध्ये. लॅपटॉप जुनाच, राजारामपुरीतून आणलेला. गोठ्याशेजारच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांना टेकून ती काम करते.

मी एकदा विचारलं, "हे लोक फुकट कसं देतात गं?"

उत्तर बाहेरून आलं. आबा म्हैस धूत होते.

"फुकट काय नसतं. कुणीतरी धार काढतंय की. तुला दिसंना एवढंच."

ते वाक्य मला आवडलं. त्याचा अर्थ मात्र गेल्या दिवाळीच्या तोंडावर कळला.

सुरुवात पारूबाईंच्या फोननं झाली. पारूबाई जवाहरनगरात चपला करतात. त्यांच्या चामड्याच्या वेणीच्या कामाला तोड नाही. पूर्णिमानं त्यांची वेबसाइट केली आणि त्यांच्या चपला लांबलांबच्या गावांना जायला लागल्या. वर्षाची खरी विक्री दिवाळीची.

"पोरी, माझ्या चपला कुठं गेल्या?"

"दुकानात असतील की मावशी."

"दुकानात हायत. फोनवर न्हाईत. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतंय, नुसतं पांढरं दिसतंय. मी काय कागद विकते व्हय?"

पूर्णिमानं पाहिलं. नव्या फोनांवर एकही फोटो उघडत नव्हता. पारूबाईंचा नाही, कागलच्या बेकरीचा नाही, तिनं केलेल्या कुठल्याच साइटचा नाही.

कारण एकच होतं. ते तिनं मला समजावलं. या सगळ्या साइटवर फोटो दाखवायचं काम 'ओकनो' नावाचं एक छोटं मोकळं सॉफ्टवेअर करत होतं. रेंज कमी असली तरी ते आधी लहान, धूसर फोटो दाखवतं, मग हळूहळू स्पष्ट. कोडोलीच्या पुढच्या वाडीतही त्यामुळं चप्पल दिसते. ते स्लोव्हेनियातल्या मातेय नावाच्या माणसानं लिहिलेलं. एकट्यानं. नवे फोन आले, त्यांची आतली रीत बदलली आणि ओकनो बंद पडलं.

आम्ही ओकनोचं पान उघडलं. जगभरातले लोक तिथं ओरडत होते. वर मातेयची चिठ्ठी होती. 'मी दमलो आहे. आता मला जमणार नाही.' खाली शिव्याच शिव्या. एकानं लिहिलं होतं, 'आमचा धंदा बुडतोय आणि तुला झोप कशी येते?'

मातेयनं कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.

पूर्णिमा स्वतः कोडमध्ये उतरली. कुठं मोडलंय ते तिला सापडलं. पण आत एक गाठ होती. ती अशी का मारली आहे, हे फक्त मातेयला ठाऊक. ओढावी तर बाकीचं उसवत होतं.

पारूबाई रोज फोन करत होत्या. "दिवाळी काय माझ्यासाठी थांबणार हाय?"

मी म्हटलं, "विकतचं दुसरं काहीतरी घाल की."

"बघितलं. रेंज न्हाई तिथं चालत न्हाई ते." मग ओकनोचं पान वर-खाली करत म्हणाली, "आनि मातेयचं काय?"

"मातेयचं काय म्हणजे?"

"इतक्या लोकांनी लिवलंय. त्याला काय झालंय, असं एकानं तरी इचारलंय का?"

मी पुन्हा पान वाचलं. नव्हतं विचारलं.

मग तिनं जे केलं ते मला अजून खरं वाटत नाही. तिनं मातेयला काही मागितलं नाही. ती त्या पानावर बसली आणि लोकांना उत्तरं द्यायला लागली. ज्याचं कळत होतं त्याला सांगितलं. ज्याचं नव्हतं त्याला 'मलाही कळलेलं नाही, मिळून बघू' असं लिहिलं. शिव्या देणाऱ्यालाही उत्तर. सकाळी कट्टा, मग हे, संध्याकाळी पुन्हा धारा, पुन्हा हे. हळूहळू ओरडा कमी झाला.

तेव्हा ती मला म्हणाली, "आता त्याला पत्र लिव. तुझं इंग्रजी चांगलं हाय."

मी लिहिलं. नेटकं, नम्र पत्र. तिनं वाचलं, मान हलवली आणि सगळ्यात वर स्वतः एक ओळ घातली. तुम्ही जेवलात का?

"अगं, इंग्रजीत असं लिहीत नाहीत."

"मग ते एकमेकांना काय इचारतात?"

"कसे आहात, असं."

"त्याला 'बरा हाय' म्हणून कुणीबी सुटतंय. जेवणाचं खरं सांगावं लागतं."

पत्र तसंच गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माझ्या सगळ्या नेटक्या मजकुराला त्यात जागा नव्हती. एवढंच होतं: 'आज नाही. का?'

पूर्णिमानं लगेच लिहिलं, 'मग आधी जेवा. कोड कुठं पळून जात नाही.'

संध्याकाळी एक फोटो आला. वाडगाभर घेवड्याचं सूप आणि पावाचा तुकडा. हिनं उलट आपल्या ताटाचा पाठवला. भाकरी, पिठलं, खर्डा, दुधाचा तांब्या. आबांनी मातेयचा फोटो डोळ्याजवळ धरून बघितला.

"एवढ्यावर भागतं व्हय त्याचं? म्हणूनच दमलाय गडी."

मग पूर्णिमा आणि तो व्हिडिओ कॉलवर बोलायला लागले. मातेय पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा. बायको गेल्यापासून एकटा राहतो. दिवसा एका शाळेत काम करतो, उरलेल्या वेळात ओकनो. हे त्यानंच सांगितलं. मध्येच आबांनी खिडकीतून म्हैस दाखवली.

"इचार त्याला, त्याच्याकडं किती हायत?"

एकही नाही, असं कळल्यावर आबा त्याच्याकडं फार कणवेनं बघत राहिले. मातेय हसला. पूर्णिमा म्हणाली, त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मग त्यानं ती गाठ उलगडून दाखवली. फार जुन्या फोनांसाठी मारलेली होती. आता कुणाला तिची गरज नव्हती. पूर्णिमानं ती सोडवली, पुन्हा सगळं बांधलं. मातेयनं तपासलं आणि ते सगळ्या जगासाठी खुलं केलं.

त्याच दुपारी पारूबाईंचा फोन.

"आल्या गं चपला! डावी-उजवी, दोनी!"

मला वाटलं, झालं. दिवाळी वाचली. पण मातेयचं आणखी एक पत्र आलं. ओकनोच्या किल्ल्या, म्हणजे त्यात बदल करायचे सगळे हक्क, तू घेशील का? मी मदतीला आहे, पण दार आता तू सांभाळ.

पूर्णिमा ते पत्र फोनवर उघडून गोठ्यात गेली. मी मागोमाग.

"आबा, हितं लोक शिव्या देतात. जगभरातनं."

"मग कट्ट्यावर देत न्हाईत व्हय?" आबा म्हणाले. "दूध मात्र पिऊनच जातात."

तिनं किल्ल्या घेतल्या. माझी मैत्रीण, पेंडीच्या पोत्याला टेकून बसणारी. आता न पाहिलेल्या देशांतली दुकानं, शाळा, वाचनालयं तिच्या हातावर उभी आहेत. मी त्या खोलीत गेले की अजून जरा जपून पाऊल टाकते.

पहिलं काम तिनं काय केलं असेल? तक्रार लिहायच्या जागेत एक प्रश्न घातला. तो भरल्याशिवाय तक्रार पुढं जात नाही. तुम्ही जेवलात का? काय जेवलात?

"लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत की. हसून झाल्यावर माणूस जरा बरं बोलतंय."

लोक हसले. आणि लिहायला लागले. कुणी लिहिलं, मक्याची भाकरी. कुणी, आईनं पाठवलेलं लोणचं आणि भात. कुणी, इथं पहाट आहे, अजून चूलही पेटलेली नाही. त्याखाली प्रत्येकाची तक्रार. शिवी क्वचित.

परवा मी तिच्या लॅपटॉपवर ते पान वाचत बसले होते. एक ओळखीचं नाव दिसलं. झोप कशी येते, असं विचारणारा तोच माणूस. त्यानं लिहिलं होतं, 'सकाळपासून काही नाही. काम फार आहे.' आणि त्याखाली, पूर्णिमाच्या आधीच, मातेयनं उत्तर दिलं होतं. 'मग आधी जेव. कोड कुठं पळून जात नाही.'

मी धावत गोठ्यात गेले. ती धारेला बसली होती.

"हात भरलेत. तू वाच."

मी वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, चरवीतला फेस बसायची वाट पाहिली आणि मान वर न करता विचारलं, "मग जेवला का तो?"