चार ठिपके, चार लिंबं

एग्मोर स्टेशनवर मला घ्यायला सुधीर आला होता. माझा पुण्यातला जुना सहकारी, हल्ली शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात असतो. पेरुंगुडीच्या घरी पोचेपर्यंत त्याने वडिलांच्या मोटारीचं गाऱ्हाणं गायलं. "साठ वर्षांची आहे. उद्या आयुधपूजेला चालू झाली नाही, तर भंगारात. अप्पांनी कबूल केलंय."

अप्पा तंजावरचे मराठी. इमारतीच्या तळघरात ते गाडी पुसत होते. काळीभोर, गोल दिव्यांची. मी पाहताक्षणी प्रेमात पडले.

सकाळी त्यांनी गंधाची वाटी माझ्या हाती दिली. "इंजनालाही लाव मा, अस्की (सगळीकडे)," म्हणाले आणि आंघोळीला गेले. मी पडले नीटनेटकी. स्पार्क प्लगच्या चारही वायरी उपसल्या, प्रत्येक प्लगपाशी सुबक ठिपका दिला आणि वायरी ओळीने परत खोचल्या.

पूजा झाली. चाकांखाली चार लिंबं ठेवली. प्रसादाची पोरी (चुरमुरे) आणि सुंडल (हरभऱ्याची उसळ) खाऊन अप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, फाटकन आवाज झाला आणि सगळं गप्प. तीनदा तेच.

"पोदुम (पुरे), अप्पा. तुमच्याच हातून काहीतरी राहिलं असणार. हल्ली विसरता तुम्ही," सुधीर म्हणाला.

"असेल," अप्पा खाली बघत म्हणाले.

आपल्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला की झालं; मला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?

"वायरी मी काढल्या होत्या," मी सांगून टाकलं. "एक-दोन-तीन-चार अशा लावल्या."

सुधीर पान्यांची पेटी आणायला वळला, तर अप्पांनी अडवलं. "ती पूजेत आहे. उद्यापर्यंत आयुधाला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून, क्षणभरही न अडखळता म्हणाले, "तुझे हात आहेत की मा. ओन्नु, मूणु, नालु, रेंडु (एक, तीन, चार, दोन). ठिणगी त्याच क्रमाने पडते, तशाच लाव."

मी लावल्या. बोटं काळी झाली, ठिपके पुसले गेले. अप्पांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात गुरगुरलं. गाडी पुढे सरकली, चारही लिंबं फुटली. मी टाळ्या वाजवत होते आणि रडतही होते.

परतीच्या दिवशी स्टेशनवर अप्पांनीच सोडलं, त्याच गाडीतून. सुधीर मागच्या सीटवर माझी बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

वाटेत राहून राहून वाटत होतं, त्या तळघरात मी गप्प राहिले असते तर एक गाडी गेली असती, आणि एक माणूस उरलेलं आयुष्य स्वतःला विसरभोळा समजत राहिला असता. घरी पोचले तोच अप्पांचा फोन आला.

"पुढल्या पूजेला ये मा. गंध तूच लावायचं."