तिथं ऊस आहे का?

परदेशातल्या कुठल्याही परिषदेचं माहितीपत्रक टेबलावर येऊन पडलं की इंद्राणी सखाराम त्यावरचं चकचकीत चित्र बघायची नाही, मोठमोठ्या नावांवरून नजर फिरवायची नाही, राहण्याजेवणाची व्यवस्था तर नाहीच नाही. ती आधी गावाचं नाव शोधायची आणि विचारायची, "तिथं ऊस आहे का?"

ऑफिस क्युरपिपचं, म्हणजे भर समुद्रातल्या एका उसाच्या बेटावरच्या उंच, थंड गावातलं. खातं सरकारी. घरं गळू नयेत, उकडू नयेत, वादळात उभी राहावीत म्हणून काय करावं, याचा अभ्यास करणारा एक छोटा विभाग तिथं होता आणि इंद्राणी त्यात इंजिनिअर होती. खात्याचं नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाहेर पावसाची पिरपिर, आत स्वेटर घालून बसलेली माणसं, आणि तिच्या या प्रश्नावर दर वेळी तोच हशा. इमारतींच्या शास्त्राच्या परिषदेत उसाचं काय काम? त्यांनी तिचं नावच पाडलं होतं, मामझेल कान. क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, मामझेल म्हणजे बाई आणि कान म्हणजे ऊस. तोंडावर म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट त्या नावाची पाटी कुणी तिच्या दारावर लावली असती, तर तिनं ती रोज पुसून लख्ख ठेवली असती.

हा प्रश्न तिच्या डोक्यात आला कुठून, ते आधी सांगायला हवं.

तिचं गाव बों अक्योय, पिढ्यांपूर्वी ऊस तोडायला आलेल्या मराठी माणसांचं. घराच्या उंबऱ्यापासून ऊस सुरू होतो. पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत जर्वेज वादळ आलं आणि तिचा बाप तुलसीराम याच्या घरावरचे पत्रे त्यानं उचलून शेजारच्या शेतात नेऊन टाकले. त्याच दिवशी तुलसीरामनं ठरवलं, आता डोक्यावर सिमेंट. तिथं स्लॅबला सगळे क्रेओलमधून दाल म्हणतात. खायची नव्हे, ओतायची. आणि ती ओतायला मजूर लावत नाहीत. रविवारी सगळं गणगोत जमतं. सिमेंटच्या बादल्या हातोहात वर जातात, अंगणात पुऱ्या तळल्या जातात, आणि स्लॅब पडली की केळीच्या पानांवर पंगत बसते. एखादा लग्नाला आला नाही तर त्याला माफ करतात. दाल ओतायला आला नाही, तर वर्षभर त्याच्याशी कुणी धड बोलत नाही.

इंद्राणी तेव्हा पुण्याहून इंजिनिअर होऊन नुकतीच परत आली होती. गावात दुसरी इंजिनिअर नव्हती, तुलसीरामची छाती फुगलेली.

"बाय, तुज्या पुस्तकात काय लिवलंय ता सांग," तो म्हणाला. "तसाच करू आमी."

पुस्तकात लिहिलं होतं की नव्या स्लॅबवर ओलं गोणपाट पसरावं, म्हणजे सिमेंट सावकाश सुकतं आणि पक्कं होतं. तिनं तसं सांगितलं. आता बों अक्योयमध्ये गोणपाट म्हणजे साखर कारखान्याची रिकामी गोणी, दुसरं काय असणार? चुलता जयदेव गाडी भरून गोण्या घेऊन आला. अंधार पडायच्या आत सगळी स्लॅब झाकली गेली, वर भरपूर पाणी मारलं, आणि मंडळी हात धुऊन जेवायला बसली.

आठवड्यानं गोण्या काढल्या तर स्लॅबवर मुंग्या. रांगांवर रांगा. इंद्राणीनं नखानं खरवडून पाहिलं, वरचा थर रव्यासारखा सुटून आला. मग तिनं एक गोणी उचलली आणि तिला जीभ लावली. गोड होती.

साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. हेही पुस्तकात होतं, पण फार मागे, दुसऱ्याच कुठल्या विषयाखाली. ज्या माणसानं गोणपाटाचं पान लिहिलं, त्याच्या देशात गोणीत बटाटे भरत असतील. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आपल्या गोणीत काय असतं हे कुणी त्याला सांगितलं नाही, आणि त्याचं पुस्तक मात्र आपण डोक्यावर घेऊन नाचलो.

त्या भाद्रपदात गणपती बसले आणि छतातून पाण्याचा पहिला थेंब नेमका त्यांच्या सोंडेवर पडला. आरतीला सगळी आळी जमलेली, आणि जयदेव काका गणपतीवर छत्री धरून उभा! टाळ्या वाजवता वाजवता लोकांना हसू आवरेना. गंगा, इंद्राणीची आई, पदर तोंडाला लावून मागल्या दारी गेली. तुलसीराम लेकीला एक शब्द बोलला नाही, आणि तेच तिला सहन झालं नाही. आरती म्हणता म्हणता तिनं मनाशी पक्कं केलं की यापुढे बाहेरून आलेलं शहाणपण आधी दारात उभं करायचं, कुठून आलास म्हणून विचारायचं, आणि मगच आत घ्यायचं.

मग तिला छंदच लागला. रविवारी कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर चढायची आणि नखानं सिमेंट खरवडायची. फ्लाकपासून प्लेन मान्येनपर्यंत कितीतरी घरं तशीच निघाली. गरिबांनी वादळाच्या भीतीनं पोटाला चिमटा घेऊन छतं बांधली, आणि स्वतःच्याच हातानं त्यांना साखर चारली. ऑफिसच्या मागे तिनं फरशीएवढ्या स्लॅब ओतल्या, काहींवर धुतलेल्या गोण्या घातल्या, काहींवर न धुतलेल्या. फरक आंधळ्यालाही बोटानं कळला असता. तिनं तो साहेबांना दाखवला.

साहेब म्हणजे मिस्ये चंद्रमोहन. घरी भोजपुरी, पण ऑफिसात फ्रेंचशिवाय तोंड उघडायचे नाहीत. त्यांनी रुमालानं बोटं पुसली.

"साखर?" ते म्हणाले. "मामझेल, या देशाचं पोट साखरेवर चालतं, आणि तुम्ही साखरेविरुद्ध तक्रार लिहिता?"

"साखरेविरुद्ध नाही, मिस्ये. आपल्या पुस्तिकेविरुद्ध. लोकांना वाटायच्या पुस्तिकेत नुसतं ओलं गोणपाट घाला म्हटलंय. धुतलेलं, एवढा एक शब्द वाढवा."

"ती पुस्तिका परदेशी तज्ज्ञांच्या आधारानं लिहिलेली आहे."

"तेच म्हणते मी."

शब्द वाढवला गेला नाही. साहेबांच्या लेखी ज्ञान विमानातून उतरायचं. आपल्या गावच्या मुंग्यांनी दाखवलेली गोष्ट ज्ञान कशी असेल?

तेव्हापासून परिषदांची माहितीपत्रकं आली की इंद्राणीचा प्रश्न सुरू झाला. एकदा लंडनची परिषद आली, विषय घरातली ऊब बाहेर जाऊ न देणं. ती नको म्हणाली. जर्मनीतली आली, छपरावर साचणाऱ्या बर्फाचं वजन. तिनं ते पत्रक चहाच्या कपाखाली ठेवलं. बाकीचे जाऊन आले. येताना कोट आणले, चॉकलेटं आणली, फोटो आणले. बर्फाच्या परिषदेहून आलेल्या गृहस्थांनी तर बर्फावर भाषणही दिलं, आणि ऐकणाऱ्यांतल्या एकानंही जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता. इंद्राणीनं शेवटी हात वर करून विचारलं, "आपल्याकडे कधी पडणार म्हणालात?" त्या दिवसापासून तो गृहस्थ तिच्याशी बोलेनासा झाला. तिचं त्यात काही बिघडलं नाही.

तिला स्वतःला कुठं जायचंच नव्हतं असं नाही. जिथं आपलं दुखणं कळेल अशा ठिकाणी तिला जायचं होतं, आणि तशी जागा निघत नव्हती.

चौऱ्याऐंशी साली ती निघाली. रेयुनियों बेटावर, म्हणजे अगदी शेजारी, बांधकाम करणाऱ्यांची एक लहानशी परिषद भरणार होती. विषय वादळ, ओल आणि लोक स्वतः बांधतात ती घरं. पत्रक साधं, चित्रसुद्धा नाही. पण तिथं ऊस होता. आणि नेमकं त्याच आठवड्यात पॅरिसहूनही निमंत्रण आलं.

चंद्रमोहनसाहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब बढती मिळून वर जाणार होते, त्यामुळे विभागप्रमुखाची त्यांची खुर्ची त्या वर्षी रिकामी होणार होती. इंद्राणी सगळ्यांत जुनी, तिच्यानंतर नंदलाल.

"पॅरिस," साहेब म्हणाले. "तुमचं नाव घालतोय. परत आलात की ही खुर्ची तुमची. वरच्यांना परदेशात गाजलेला माणूस हवाय."

"मला रेयुनियोंला पाठवा, मिस्ये. मला तिथं गोण्यांवर बोलायचंय."

साहेब हसले. "रेयुनियोंला लोक मोजे घ्यायला जातात. विमान वर चढलं न चढलं तोच खाली उतरतं. त्याला परिषद म्हणत नाहीत."

"पॅरिसमध्ये मला कुणी बोलायला देणार आहे का?"

"बोलायचं कशाला? ऐकायचं."

"आम्ही ऐकलं, मिस्ये," इंद्राणी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला गरज वाटली नाही. "माझ्या बापानं ऐकलं. त्याच्या घरी गणपतीवर छत्री धरावी लागली. आता त्यांनी ऐकावं. ते ऐकणार नसतील, तर ज्यांच्या गोण्या आमच्यासारख्या आहेत त्यांच्याकडे मी जाते."

"मग खुर्ची विसरा."

"विसरले."

गावी बातमी आधीच पोचली होती. गंगा कपाळाला हात लावून बसली.

"आयो, बाय! पारी, गो! पारी सोडून रेयुनियों? तितं तर ती कोपऱ्यावरची रीता पन जाऊन आली."

"रीताला तिथं कुणी बोलायला उभं केलं नाही, आये."

"आनि मोटी साहेबीन झालीस असतीस ता?"

खुर्ची इंद्राणीला हवी होती, मनापासून हवी होती. त्या खुर्चीवर बसून तो एक शब्द तिला एका दिवसात वाढवता आला असता. पण पॅरिसला मान डोलवून मिळवलेल्या खुर्चीत बसल्यावर पुढे जन्मभर मानच डोलवावी लागते, हे ती ऑफिसात रोज बघत होती. तुलसीराम ओट्यावर ऐकत बसला होता. तो एवढंच म्हणाला, "जा बाय. आमच्या दालीचा सांग त्यांना."

ती रजा टाकून, स्वतःच्या पैशानं गेली. पॅरिसला नंदलाल गेला.

रेयुनियोंचं सभागृह शाळेचं होतं, पंखा कुरकुरणारा, खुर्च्या लाकडी. इंद्राणी बोलायला उभी राहिली, गोणीचं नाव काढलं, आणि समोरच्या रांगेतला एक ठेकेदार मांडीवर थाप मारून ओरडला, "फुर्मी!" फुर्मी म्हणजे मुंग्या. तिनं अजून मुंग्यांचं नावही घेतलं नव्हतं. साऱ्या सभागृहात कुजबुज पसरली. यांच्याही गच्च्यांवर मुंग्या होत्या, यांचंही सिमेंट रव्यासारखं सुटत होतं, आणि कारण कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी तिला जेवणाची सुट्टी होईपर्यंत खाली बसू दिलं नाही. ऊस म्हणजे काय, कारखाना म्हणजे काय, गणगोत मिळून छत कसं ओततं, यातलं काही तिला समजावून सांगावं लागलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

परत आली तेव्हा खुर्चीत नंदलाल होता. ती खुर्ची इंद्राणीला पुढेही कधी मिळाली नाही. पण वर्षभरानं रेयुनियोंहून छापील अहवाल आला, शुद्ध फ्रेंचमध्ये, आणि त्यात साखरेच्या गोण्यांवर एक अख्खं प्रकरण होतं. साहेबांनी ते अदबीनं वाचलं आणि पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत एक शब्द वाढवला. धुतलेलं. तिच्याच शब्दाला विमानात बसून यावं लागलं! खाली आभार रेयुनियोंच्या तज्ज्ञांचे. तिचं नाव नव्हतं. तिला राग आला, आणि तो तिनं गिळला नाही. भर ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "ही मामझेल कानची ओळ आहे." कुणी हसलं नाही.

शहाऐंशी साली चंद्रमोहनसाहेबांनी प्लेन मान्येनला स्वतःचं घर बांधायला काढलं. दाल ओतायचा रविवार ठरला, आणि रिवाजाप्रमाणे अख्ख्या विभागाला बोलावणं गेलं. इंद्राणीही गेली. दाल ओतायला जायचं नाही असं कसं? तिनं दिवसभर रांगेत उभं राहून बादल्या पुढे दिल्या. दुपार कलली, स्लॅब पडली, आणि गोण्यांनी भरलेली गाडी येऊन अंगणात ढीग उतरवून गेली. बंदरावर जहाजात साखर आता गोण्यांशिवाय, मोकळीच भरायला लागले होते, त्यामुळे जुन्या गोण्या हव्या तेवढ्या मिळत.

साहेब घामाघूम होते. "टाका, टाका," ते म्हणाले. "दुकानदारानं धुऊन दिल्यात."

माणसं गोण्या उचलायला लागली, तोच इंद्राणी पुढे झाली. तिनं वरची गोणी ओढली, सगळ्यांच्या देखत तिला जीभ लावली आणि थुंकली.

"गोड आहे," ती म्हणाली, आणि त्या ढिगाऱ्यावर चढून मांडी घालून बसली.

"मामझेल, माणसं उपाशी आहेत," साहेब म्हणाले. "पंगत मांडलीय. एक दिवस तशाच घातल्या तर काय होतंय?"

"पॅरिसला काय सांगतात, नंदलालना विचारा."

नंदलालनं बुटांकडे पाहिलं. तिला ढिगाऱ्यावरून उठवायची कुणाची छाती होईना. शेवटी साहेबच पुढे आले. त्यांनी एक गोणी उचलली, इकडे तिकडे पाहिलं आणि जिभेचं टोक तिला लावलं. तोंड वाकडं झालं. मग त्यांनी पाटलोणीचे पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडले, गोण्यांचा एक भारा काखेत मारला आणि नळाकडे निघाले.

"दोनदा धुवा, मिस्ये," इंद्राणीनं वरूनच सांगितलं.