नीलिमाचा वाल

नीलिमा आज सकाळी मेली.

"अल्पशा आजाराने दुःखद निधन" असं लिहिलं असतं, तर वरून तिची कॉमेंट आली असती, "तीन वर्षं अल्प का रे?"

भाजीपाला संशोधक होती. पोषणाच्या परिषदेत पनीर हाणून भाषण ठोकणारे नाशकात पुष्कळ. ही सुरगाण्याच्या डोंगरात वाल लावत फिरायची.

उन्हाळ्यात तिथल्या पोरांच्या ताटात हिरवं काही नसतं. तिला भर उन्हात शेंगा देणारा वाल हवा होता.

एका वर्षी एका पाड्यावर तिच्या सगळ्या वेलींपैकी फक्त चार तगल्या. चार घरांच्या परसात. तिने त्यांना लाल चिंध्या बांधल्या. खुणेचा अर्थ: तोडू नका, बियाणं धरायचंय.

लाल म्हणजे थांबा. हे आपलं सिग्नलवरचं ज्ञान. पाड्यावर सिग्नल नाही.

पुढच्या खेपेला मी सोबत होतो. (गाडी माझी. विज्ञानाला माझं योगदान एवढंच.)

सरपंचबाईंनी ताट वाढलं. नागलीची भाकरी, वालाची भाजी.

"ताई, तुम्ही खूण केलेल्याच शेंगा हायेत. तुमच्यासाठी राखल्या व्हत्या. तीन घरच्या."

नीलिमाचा घास हातातच राहिला. कित्येक वर्षांचं काम फोडणी घालून समोर आलं होतं.

तिने घास खाल्ला. "झकास झालीय." मग हळूच, "आणि चौथ्या घरची?"

"ती म्हातारी देईना."

हात न धुता पळालो आम्ही. चढावरचं शेवटचं घर. वेलीवर शेंगा होत्या, नुकत्या पिवळ्या पडू लागलेल्या. नीलिमाने हात पुढे केला.

"हात नको लावू! चिंधी बांधलीय, कोणाचा तरी नवस हाय तो."

"आजी, माझाच आहे."

"फिटला?"

"नाही अजून."

"मंग कशाला तोडती?"

देवळाची पायरी न चढणाऱ्या नीलिमाने हात मागे घेतला.

तोडाव्या तर बी कच्चं. ठेवाव्या तर पुढच्या पाहुण्याची भाजी.

"सांभाळाल, आजी?"

"मी हाय ना."

परतताना वणीपर्यंत आलो. नीलिमा म्हणाली, "शेळी सुटली तर?"

शेळी सुटली नाही. त्या एका वेलीचा वाल आज आसपासच्या पाड्यांवर उन्हाळाभर शिजतो. सरकारदरबारी त्याला नंबर आहे. तिथे सगळे "ताईचा वाल" म्हणतात.

मघाशी पाड्यावर फोन केला. सरपंचबाई रडल्या. मग म्हणाल्या, "उद्या वालाचं बी टोचायचं व्हतं. ताईसाठी थांबू का?"

थांबू नका म्हणालो.

तुला न विचारता सांगितलंय, नीलिमा.

सुखाने जा.