उरलेली अर्धी पोळी

साळवे गेले त्याला सात आठवडे झाले. रविवार होता, मी दारात उभी राहून दूधवाल्याशी भांडत होते आणि फोन वाजला. सुनीतावहिनी, त्यांची बायको. "ताई, शमुवेल गेले," एवढंच म्हणाल्या. चर्चला निघाले होते, बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. सत्तावन्न हे काय जायचं वय आहे का? मी वहिनींना वेड्यासारखं विचारत राहिले, "अहो, पण परवाच तर बोललो आम्ही..." दूधवाला बिचारा पिशवी ठेवून निघून गेला. फरीदाबादला त्यांच्या घरी पोचेपर्यंत टॅक्सीत मी एकच विचार करत होते. या माणसाला मी एकदा जवळजवळ बुडवलं होतं, आणि त्याने मला पूर्ण माफ केलं होतं का, हे आता मला कधीच कळणार नाही.

हे लिहायचं की नाही यावर बरीच घासाघीस झाली, माझी माझ्याशीच. शेवटी वहिनीच म्हणाल्या, लिहा, त्यांना लपवाछपवी आवडत नव्हती.

साळवे मूळचे नगरचे. नोएडातल्या आमच्या कंपनीत, म्हणजे लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, सर्व्हिसचे प्रमुख. मी तिथे अॅडमिन बघते, म्हणजे रजा, हजेरी आणि सगळ्यांची भांडणं. अख्ख्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. चारचौघांत मी 'मॅडम', केबिनचं दार लागलं की 'ताई'. कमी बोलायचे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या सुरक्षेच्या पट्ट्याचा हुक स्वतः ओढून बघायचे. कोणी आदल्या दिवशीची उतरलेली नसताना आला, तर ओरडायचे नाहीत. "घर जाओ, कल आना," बस्स. नशेचा नियम कडक होता. साइटवर जाणाऱ्याचा संशय आला की लघवीची तपासणी, आणि सापडला की नोकरी संपली. त्या तपासणीचं किट माझ्या कपाटात असायचं आणि परिपत्रकाखाली सही माझी.

आता गंमत बघा. हाच कडक नियम असलेलं ऑफिस होळीच्या आदल्या दिवशी भांग घातलेल्या थंडाईचं पातेलं लावायचं. मालक चोप्रा साहेब स्वतः पळीने वाढायचे. साळवे त्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात उभे. लोक म्हणायचे, ईसाई हैं, इनमें नहीं चलता होगा. मी म्हणायची, काय नाही चालत, माझ्या घरची पुरणपोळी बरी चालते! खरंच चालायची. त्या दिवशी ऑफिसात ते दुसऱ्या कशालाही हात लावायचे नाहीत, फक्त माझा डबा उघडायचे.

सहा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मला चढवलं. "शुभदा मैडम, इस बार आपकी मीठी रोटी में भी कुछ हो जाए!" वीस वर्षं दिल्लीत काढूनही मी त्यांच्या लेखी गोड रोटी आणणारी बाईच होते, तेव्हा मलाही जरा मिरवावंसं वाटलं. आमच्या नोएडात भांगेचं सरकारमान्य दुकान असतं, चक्क पाटी लावलेलं. ओढणी डोक्यावरून ओढून, चोरासारखी जाऊन आणली. थोड्या पुरणात वाटून घातली, वर जायफळ भरपूर. दोन डबे केले, एक साधा, एक 'खास'. आणि साळव्यांना मी खास डब्यातली दिली. चुकून नाही, मुद्दाम. हा माणूस एकदा तरी खळखळून हसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ते माझ्या केबिनमध्ये बसून खात होते. मध्येच थांबले. "जायफळ जास्त झालंय का हो ताई?"

"खा गुमान," मी म्हटलं.

दुपारी एका सोसायटीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, साळवे सरांना पाठवा. साळवे आले ते माझ्या केबिनमध्ये. दार लावलं. "ताई, किट काढा. माझी तपासणी करा. मी साइटवर जाऊ शकत नाही."

मी हसले हो! काय सांगू, तोंडावर हसले त्यांच्या. म्हटलं, अहो थोडीशी भांग, त्यात काय एवढं, सगळ्यांनीच घेतलीय. त्यांनी हाताची बोटं एकमेकांत गच्च धरली होती. मग त्यांनी सांगितलं. ऐन पंचविशीत मुंबईला कामाला असताना गर्द ओढायला लागले. घर सुटलं, रस्त्यावर आले. मोठ्या भावाने दिल्लीच्या एका केंद्रात आणून टाकलं, तिथून सुटले ते इथलेच झाले. तेव्हापासून कशालाच तोंड लावलेलं नव्हतं. विडी नाही, दारू नाही, खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरला दहादा विचारून. "एकोणीस वर्षं झाली ताई," म्हणाले.

गयावया केली मी. म्हटलं, घरी जा, पोट बिघडलं म्हणून सांगते, कुणाला कळणार नाही. तर म्हणाले, "आणि उद्या कोणी घेऊन आला तर त्याला मी कुठल्या तोंडाने घरी पाठवू?" साइटवर दुसऱ्या माणसाला पाठवलं, लोक सुखरूप बाहेर आले. इकडे मी किट काढलं. त्या पट्टीचं उलटं असतं, रेघ उमटली नाही की माणूस दोषी. आम्ही दोघं टेबलावरच्या पट्टीकडे बघत बसलो. रेघ उमटली नाही.

चोप्रा साहेबांनी विचारलं, पहले कभी किया है? साळव्यांना नाही म्हणता आलं असतं. त्यांनी सगळं सांगितलं. फक्त पोळी कुणाची हे सांगितलं नाही.

सुट्टीनंतर मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले, इतके दिवस का लावले ते मलाच ठाऊक, भ्याले होते. म्हटलं, सर, वो मैंने खिलाई थी. साहेब इतके हसले की डोळे पुसायला लागले. "शुभदा जी, आप भी! छुपी रुस्तम!" मी म्हटलं, मग साळव्यांचं काय? तर चेहरा एकदम गंभीर. "वो अलग बात है. उनकी हिस्ट्री है." साइटवर जायच्या परवानगीचं कार्ड काढून घेतलं, प्रमुखपद काढलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या तक्रारींच्या फायली लावायला बसवलं. नोकरी ठेवली हेच उपकार म्हणे. माझ्या हातून झाली ती गंमत, आणि त्यांच्या पोटात गेली ती हिस्ट्री! थंडाईचे पाच-पाच पेले रिचवलेले लोक त्यांना पाठीमागे चरसी म्हणू लागले, ड्रॉवरला कुलूप लावू लागले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

पहिल्याच शनिवारी मी फरीदाबादला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी पाणी दिलं आणि लांब भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. बरोबरच होतं त्यांचं. मी हात जोडले, रडले. साळवे खाली बघत म्हणाले, "ताई, अर्धी पोळी झाली तेव्हा मला कळलं होतं. म्हणून तर जायफळाचं विचारलं. कळल्यावर थांबता आलं असतं. नाही थांबलो... बरं वाटत होतं. उरलेली अर्धी मी कळून खाल्ली. ती अर्धी माझी आहे. तुम्ही तुमच्या अर्धीपुरतंच रडा." मग वहिनींकडे बघून हळूच म्हणाले, "आज सहावा दिवस." एकोणीस वर्षं पुसून या माणसाने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं होतं. वहिनी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मला अजून शंका आहे, ती उरलेली अर्धी खरी होती की माझा भार हलका करायला त्यांनी रचली होती... विचारायचं धाडस झालं नाही.

ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पण कार्ड वर्षभर मिळालं नाही. मी दर महिन्याला साहेबांशी वाद घालायची, ते दर महिन्याला 'देखेंगे' म्हणायचे. शेवटी पुढच्या होळीच्या आठवडाभर आधी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, रूल तो सबके लिए है ना? होली के अगले दिन के लिए पचास किट मँगवा लूँ? लिस्ट में पहला नाम आपका रखूँ?" माझ्या जिभेला लहानपणापासून सगळ्यांनी नावं ठेवली, त्या दिवशी ती कामी आली. मग साळव्यांचं कार्ड परत मिळालं, पदही मिळालं, आणि परिपत्रकात मी स्वतः एक ओळ घातली, की जो आपणहून येऊन सांगेल त्याची नोकरी जाणार नाही, त्याला उपचारासाठी रजा मिळेल. थंडाईचं पातेलं मात्र दरवर्षी लागतंच. आता साधी थंडाई, असं साहेब म्हणतात. मी चाखायला जात नाही.

साळवे माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. दुपारी केबिनमध्ये येऊन बसायचे, नगरच्या गोष्टी सांगायचे. पण ऑफिसात माझ्या हातचं त्यांनी पुन्हा कधी खाल्लं नाही. एकदा मी डबा पुढे केला तर स्पष्टच म्हणाले, "राग नाही ताई. पण नको." साधा शेंगदाण्याचा लाडू होता हो. मी झाकण लावलं आणि काहीतरी दुसरंच बोलत सुटले. घरी जाऊन रडले. पाच वर्षं तो 'नको' माझ्या मनात ठुसठुसत राहिला, आणि ते गेल्यावर तर फारच.

गेल्या मंगळवारी दुपारी दारावर टकटक झाली. आमचा एक मेकॅनिक, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, कामाला वाघ. आत आला आणि टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. म्हणाला, "मैडम, कमर के दर्द के लिए गोली शुरू की थी. अब दर्द नहीं है, गोली है." परिपत्रक वाचून आलास का, मी विचारलं. मानेनेच नाही म्हणाला. साळवे सरांनी कधीचंच ओळखलं होतं म्हणे, आणि ते त्याला एकच सांगायचे.

"बोले थे, जिस दिन हिम्मत हो, शुभदा मैडम के पास चले जाना. डाँटेंगी बहुत. लेकिन उनसे ख़ुद एक बार बड़ी ग़लती हुई है, और उन्होंने छुपाई नहीं. पूरे ऑफिस में मैं बस उन्हीं पे भरोसा करता हूँ."

मी उठले, दार लावलं आणि साळवे बसायचे ती खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. अजिबात ओरडले नाही.