एका प्याल्याची मंडळी

मंडळीची तत्त्वं मी मंडळीला न विचारता एका दुपारी लिहून काढली. चूक माझी एकट्याची. तिच्यात भागीदार नाही. तीन आठवड्यांपूर्वी, आता मी शिकवतो त्या राहात्याच्या शाळेत, सगुणाबाई वारल्याची चिठ्ठी आली तेव्हा हातात खडू होता, आणि आधी आठवला तो बाईंचा चेहरा नव्हे, माझा तो दहा कलमांचा कागद...

देश स्वतंत्र झाला त्या हिवाळ्यात आमचे मिशनरी साहेब मायदेशी परतायला निघाले. तिसगावच्या बाजूला आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी. काही घरं महारवाड्यातली, काही मांगवाड्यातली. बाप्तिस्म्यानं एक झालेली, पाणी भरताना पुन्हा दोन. साहेब म्हणाले, "आता मंडळी तुमची. तुम्हा सगळ्यांना धरून ठेवतं ते काय, हे बसून ठरवा आणि लिहून ठेवा. पुढं त्यावरून चालता येईल." मी तेव्हा तिथला मास्तर आणि मंडळीचा चिटणीस. बसून ठरवणं मी गाळलं, लिहिणं तेवढं उचललं. श्रद्धा, प्रीती, शिस्त करत आठव्या कलमात स्वच्छतेपाशी पोचलो आणि लेखणी फारच रंगात आली. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीला, मनुकांचा रस सगळे एकाच प्याल्यातून घेत. ते बंद करून प्रत्येकाला लहानसा काचेचा पेला द्यावा, असं मी लिहिलं. शहरात तसं करतात, असं कानावर आलं होतं.

रविवारी उपासनेनंतर कागद वाचला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटलं, भाषेनं दिपले. मग बायकांच्या बाजूनं सगुणाबाई उठल्या. त्या आमच्या बायबलबाई, म्हणजे दारोदार जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, साठी उलटलेल्या.

"मास्तर, ह्ये कुनाचं म्हनायचं?"

"मंडळीचं."

"मंडळीला ठावं हाय का?"

हशा पिकला. मीही हसलो, दुसरं करणार काय? बाई मात्र हसल्या नाहीत. "माज्या आईला गावात वरून पानी वतायचे. ती वंजळ धरायची. ह्या प्याल्याला पयल्यांदा समद्यांसंगं व्हट लावले, तवा रडली हुती." मागून मांगवाड्यातली मार्था उठली. "येगळे पेले आले तर आमची घरं येनार न्हाईत. आज पेला येगळा, उद्या सतरंजी येगळी." मी स्वच्छता लिहिली होती, लोकांनी तीत जात वाचली. आता मंडळी टिकते की मोडते, असा प्रसंग आला.

बाईंनी मला घरोघर फिरवलं. प्रत्येक दारात त्यांचा एकच प्रश्न: "मंडळीनं काय सोडलं तर तुमी मंडळी सोडाल?" मी लिहून घ्यायचं. संध्याकाळपर्यंत डोकं गरगरलं. कुणी म्हणे भजनं, कुणी म्हणे शाळा. शिमोनबाबा म्हणाले, "तुमी काय बी सोडा, मी न्हाई सोडत जा!" हे कुठं लिहावं तेच कळेना. प्याला मात्र दोन्ही वाड्यांत निघाला. एक तरुण सून तेवढी हळूच म्हणाली, "पर खोकल्याची मानसं बी त्यातूनच पित्यात, बाई. भ्या वाटतं." मी विजयी मुद्रेनं बाईंकडे पाहिलं. त्या तिला एवढंच म्हणाल्या, "खरं हाय तुजं." आणि पुढच्या रविवारी त्यांनीच एक ओळ मंजूर करून घेतली: आम्ही एका प्याल्यातून पिणारी माणसं. माझी दहाही कलमं गेली.

पुढच्या प्रभुभोजनापासून बाई पहिल्या रांगेतली जागा सोडून अगदी मागं, टोकाला बसू लागल्या. प्याला सर्वांत शेवटी त्यांच्याकडे जायचा, आणि त्या तो स्वतः धुऊन ठेवायच्या. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. मग वाटलं, ही नम्रता. तिच्यावर मी एकदा अर्धा तास बोललोसुद्धा, त्यांच्यादेखत! बाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मी समजलो, गहिवरल्या...

परवा गावी गेलो. प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर मार्था राखेनं प्याला घासत होती. ती म्हणाली, बाईंना क्षय होता, आणि साहेब मायदेशी जायच्या आधीच दवाखान्यात तसं सांगितलं होतं. म्हणजे मी कागद वाचला तेव्हा त्यांना ठाऊक होतं. वेगळ्या पेल्यांनी सर्वांत जास्त सोय त्यांचीच झाली असती. सगळ्यांच्या मधोमध बसून प्यायल्या असत्या. तरी एका प्याल्यासाठी भांडल्या, आणि आपल्यानंतर त्याला कुणाचा ओठ लागू दिला नाही. आता मंडळी भ्यायली आहे. प्याला ठेवायचा की नाही, यावर सगळ्यांनी माझं मत मागितलंय. मला तर बाईंचंच मत कळेनासं झालंय. न राहवून मी मार्थालाच विचारलं, "बाईंना नेमकं काय हवं होतं गं? एक प्याला, की वेगळे पेले?"

तिचा हात थांबला नाही. "शेवटाला कोन बसत हुतं, दिसत हुतं न्हवं तुमाला?"

"दिसत होतं की."

"दोन वरसं?"

"हो."

मार्थानं प्याला पालथा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, तुमच्या हाताखालची पोरं पास तरी कशी हुत्यात वो?"